रोज आणि जोर : सायकलस्वाराच्या सुट्टीचा इतिहास

(नवी मुंबईत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली रूपं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? छान.

विषय जाहीर झाल्यावर मला एका गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, ‘सर, लढाईला इतिहास असतो, किल्ल्याला असतो, अगदी सायकललाही असतो. पण सुट्टीला कसला इतिहास? त्या दिवशी तर काही घडतच नाही.’ मी म्हटलं, तुम्ही या, मग बोलू. ते आलेत, दुसऱ्या रांगेत बसलेत. (हशा)

त्यांचा प्रश्न बरोबर आहे. विश्रांती कागदपत्रांत सहसा सापडत नाही. ती सापडते दोन वेळा: कुणी ती मागितली तर, आणि ती न मिळाल्यामुळे कुणी कोसळलं तर. आज आपण या दोन्ही जागी जाणार आहोत. पण सुरुवात घराजवळून करू.

रविवारी पहाटे साडेपाचला खारघरच्या टेकडीच्या पायथ्याशी उभे राहा. अंधारात लाल-पांढरे दिवे लुकलुकत येतात. कुणी सीवूड्सहून, कुणी पनवेलहून, कुणी थेट ठाण्याहून. यातले काही रोड बाइकवाले असतात, ते डांबरी चढ करून परत फिरतात. पण जाड टायरच्या माउंटन बाइकवाले पुढे जातात, फणसवाडी-चाफेवाडीकडे, जिथे डांबर संपतं आणि दगड-मुरूम सुरू होतो. तिकडे घणसोलीच्या गवळीदेवाकडे, पारसिकच्या डोंगराकडेही हीच मंडळी दिसतील. सिडकोची स्थापना १९७० ची. ज्यांनी हे शहर आखलं त्यांच्या नकाशावर या टेकड्या म्हणजे वसाहतींची पूर्वेकडची हद्द होती. तिथे पहाटे कुणी घाम गाळायला जाईल हे त्यांच्या डोक्यातही नसणार.

मी या मंडळींपैकीच एक. उशिरा लागलेलं वेड आहे, त्यामुळे जरा जास्तच लागलं. एका वर्षी मी आठवड्याचे सहा दिवस टेकडी करत होतो. रात्री झोपायला बारा, उठायला साडेचार. पहिले दोन महिने मस्त गेले. तिसऱ्या महिन्यात त्याच चढाला जास्त वेळ लागायला लागला. सकाळी अंथरुणातच नाडी मोजायची सवय होती. ती आधी ५४ यायची, ती ६३-६४ यायला लागली. घरात चिडचिड. जेवण नको. आणि मी काढलेला निष्कर्ष काय? सराव कमी पडतोय! म्हणून सातवा दिवसही सुरू केला. मग एका गुरुवारी उतरताना, रोजच्याच वळणावर, रोजच्याच खडीवर, ब्रेकवरचं बोट अर्धा क्षण उशिरा दाबलं गेलं. कॉलरबोन मोडलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘झोप किती होते?’ मी त्यांना सायकल कोणती होती ते सांगत बसलो.

सहा आठवडे हात झोळीत. इतिहासाच्या माणसाला हात झोळीत टाकून घरी बसवलं की तो दुसरं काय करणार? वाचत बसलो. आणि असं लक्षात आलं, की माझं जे भांडण माझ्याशी चाललं होतं, ते फार जुनं आहे.

आपल्याकडे शरीर कमावण्याबद्दल एक शब्द आहे: नेम. नेम चुकवायचा नाही. पाऊस असो, पाहुणे असोत, घरात लग्न असो. समर्थ संप्रदायातल्या सूर्यनमस्कारांबद्दल आपण हेच ऐकत आलो. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि त्यांनी ते संस्थानातल्या शाळांतही नेले. लहानपणी आजोबा पाठीत गुद्दा घालून उठवायचे तेव्हा त्यांच्या तोंडी हाच शब्द असायचा. आता आजोबांच्या जागी फोनमधलं अ‍ॅप आहे. ‘सलग एकशेबारा दिवस’ असं ते दाखवतं. एकशेतेरावा दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो. ही भीती काही परदेशी नाही. आपल्या नेमाचंच ते नवं रूप आहे, म्हणून तर ती आपल्याला इतकी पटकन लागू पडली.

पण नेम कशाचा होता, हे बघायला हवं. इथे आपल्या जुन्या वैद्यांकडे जावं लागतं. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात दिनचर्येचा अध्याय लिहिलाय. तिथे व्यायाम आहे, रोजचा आहे, पण त्याला एक माप आहे: अर्धी शक्ती. तीही कुणी वापरायची? जो बलवान आहे, तूप-दुधाचं खाणं ज्याला मिळतंय, त्याने. आणि केव्हा? थंडीत आणि वसंतात. बाकीच्या ऋतूंत त्याहूनही कमी. आता ‘अर्धी शक्ती’ म्हणजे किती, हे कसं मोजायचं? सुश्रुताने खूण दिली आहे. छातीतला वारा तोंडाशी आला, म्हणजे नाकाने श्वास पुरेना आणि तोंड उघडावं लागलं, की अर्धी शक्ती झाली समजा. कपाळ, नाक, काखा यांवर घाम ही आणखी एक खूण. आजचे प्रशिक्षक सांगतात ना, की हलक्या राइडला शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे? घड्याळ, छातीवरचा पट्टा, सगळं बाजूला ठेवा. तीच ही खूण.

वाग्भट पुढे जे सांगतो ते मला फार आवडतं. अति करणाऱ्यांची तो एक यादी देतो आणि म्हणतो, की हे लोक हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखे नाश पावतात. सिंह जिंकतो, हत्ती मारतो, पण ओढत नेण्याच्या नादात स्वतः संपतो. त्या यादीत अति व्यायाम आहे, त्याच्या शेजारी जागरण आहे, त्याच्या शेजारी प्रवास आहे. म्हणजे रात्री बाराला झोपणं, साडेचारला टेकडी आणि नऊची पनवेल-सीएसएमटी लोकल, हे तिन्ही त्याने एकाच ओळीत बसवलंय. त्याच यादीत अति बोलणंही आहे, म्हणून मी वेळेत आटपणार आहे. (हशा)

आता कुणी म्हणेल, आपले पैलवान तर पूर्ण शक्तीनेच करायचे. हो, करायचे. हजार-हजार जोर मारायचे. ‘जोर’ या शब्दाला मराठीत ताकद आणि दंड हे दोन्ही अर्थ आहेत, उगाच नाही. पण कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान जोर मारून नऊच्या लोकलला जात नव्हता. सकाळची मेहनत, मग अंग रगडणं, खुराक, थंडाई, आणि मग दुपारची झोप. ती झोप आळसात मोजली जात नव्हती. ती मेहनतीचाच भाग होती आणि वस्ताद त्यावर नजर ठेवून असायचा. हौदातली माती तेल, ताक, लिंबू, हळद घालून मुरवलेली. म्हणजे जिथे अंग आपटायचं ती जागाही तयार केलेली. मुलाच्या खुराकासाठी घरातल्यांनी दुभती म्हैस बांधायची. शाहू महाराजांच्या काळात तर राजाश्रयच होता. १९१२ मध्ये बांधून झालेलं खासबाग मैदान त्याची साक्ष आहे. पूर्ण जोर परवडायचा, कारण त्याच्याभोवती एक अख्खं घर, एक तालीम, एक संस्थान उभं होतं.

म्हणजे बघा, दोन वेगळी घरं होती. एका घरात ‘रोज’ राहायचा, पण अर्ध्या जोराने. दुसऱ्या घरात ‘जोर’ राहायचा, पण दुपारच्या झोपेसकट. मी काय केलं? पहिल्या घरातून ‘रोज’ उचलला, दुसऱ्या घरातून ‘जोर’ उचलला, आणि झोप दोन्ही घरांत विसरून आलो.

अजून एक घर आहे, ते गोठ्याचं. बैल हा आपल्याकडचा सगळ्यात जास्त राबणारा जीव. त्याच्या सुट्टीचा दिवस पंचांगात आहे. कुठे श्रावणातल्या अमावस्येला पोळा, कुठे आषाढात बेंदूर. त्या दिवशी बैलाला औताला जुंपायचं नाही. पण मला पोळ्यापेक्षा त्याची आदली संध्याकाळ जास्त मोलाची वाटते. खांदेमळणी. जू जिथे घासतं त्या खांद्याला गरम पाण्याने शेकायचं, हळद-तूप किंवा तेल लावून मळायचं, आणि उद्या जेवायला या असं बैलाला आमंत्रण द्यायचं. कुठे घासलंय, कुठे सुजलंय, हे बघायला शेतकऱ्याला वर्षातून एक संध्याकाळ तरी सक्तीची होती. शेतकरी गरीब असो, घाईत असो, पेरणी राहिलेली असो, गाव बघत असायचं. पोळ्याला औत धरलं तर लोक नावं ठेवायचे. बैल स्वतः सुट्टी मागू शकत नाही, म्हणून ती समाजाने बांधून दिली.

आपल्या या किनाऱ्यावरही असंच होतं. दिवाळे, सारसोळे ही गावं सेक्टरांच्या आधीपासूनची. पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या, डागडुजी करायची, जाळी विणायची, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच मोठ्या पाण्यात. मासेमारीवरची सरकारी बंदीही साधारण जून-जुलैचीच. मिठागरं पावसात बंदच. म्हणजे या मातीतल्या आगरी-कोळी माणसाच्या कामाला ऋतूने घातलेली एक वेस होती. तो काळ फार सुखाचा होता असं मी म्हणत नाही. पावसाळ्यातली ती सक्तीची सुट्टी अनेक घरांत उधारीचीही असायची. पण थांबायचं केव्हा, हा प्रश्न एकट्या माणसाने सोडवायचा नव्हता.

हा प्रश्न एकट्यावर कधी आला? जेव्हा इंजिन आलं तेव्हा. इंजिनाला पोळा नाही, पौर्णिमा नाही.

मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये एकोणिसाव्या शतकात आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. उजेडापासून उजेड संपेपर्यंत काम. उन्हाळ्यात दिवस मोठा तर पाळीही मोठी. सणावाराला गिरणी बंद राहायची. रविवारी कधी इंजिन थांबायचं, ते यंत्रांच्या सफाईसाठी, आणि सफाई करायला कोण? तेच कामगार. हे जरा मनात ठेवा. यंत्राला विश्रांतीचा दिवस माणसाच्या आधी मिळाला होता.

नारायण मेघाजी लोखंडे गिरणीत स्टोअरकीपर होते. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. ‘दीनबंधु’ हे पत्र बंद पडलेलं, ते १८८० मध्ये त्यांनी मुंबईत पुन्हा उभं केलं. १८८४ च्या सप्टेंबरात परळला त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांवर कामगारांच्या वतीने एक निवेदन तयार झालं. मागण्या काय होत्या? रविवारी सगळ्यांना सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. कामाची वेळ सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. पगार वेळेवर. कामावर जखमी झाला तर भरपाई. अर्धा तास विसावा मागण्यासाठी पाच हजार माणसं लागली, मंडळी. आपण आज तो अर्धा तास फोनवर कालच्या राइडचे आकडे बघण्यात घालवतो.

निवेदनाने लगेच काही झालं नाही. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला पुन्हा सभा झाली, सुमारे दहा हजार कामगार आले, आणि दोन कामगार बायकांनीही तिथे भाषणं केली. त्या काळात ही केवढी गोष्ट आहे बघा. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. रविवार हा आपल्याकडे खंडोबाचा वार, जेजुरीच्या भक्तांना तो तसाही प्रिय. पण सुट्टीचा वार म्हणून तो आपल्या अंगवळणी पडला तो या लढ्यानंतर. आपण खारघरच्या पायथ्याशी ज्या रविवारी पहाटे जमतो, तो रविवार असा आलेला आहे. तो कुणी आपल्याला थकायला दिलेला नव्हता. आता आपण तो थकण्यासाठीच वापरतो, याची मला गंमत वाटते आणि थोडी लाजही.

मुंबईत हे चाललं होतं त्याच दशकात तिकडे अमेरिकेत सायकलवर काय चाललं होतं बघा. सहा दिवसांच्या शर्यती. सहाच का? रविवारी खेळ नको म्हणून. सोमवारी सुरू, शनिवारी संपणार, मध्ये जितकं चालवाल तितकं. एकच स्वार, दिवसरात्र, लाकडी ट्रॅकवर गोल गोल. १८९६ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मेजर टेलर नावाचा अठरा वर्षांचा मुलगा अशा शर्यतीत उतरला. पुढे तो जगज्जेता झाला, जगातल्या पहिल्या कृष्णवर्णीय क्रीडाविजेत्यांपैकी एक. त्या शर्यतीच्या अखेरीस त्याला भास व्हायला लागले. ट्रॅकवर कुणी माणूस सुरा घेऊन माझ्या मागे लागलाय, असं तो सांगू लागला. लोक तिकीट काढून हे बघत होते. शेवटी आरडाओरड झाली आणि १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कायदा आला: एका स्वाराने दिवसाला बारा तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही. आयोजकांनी पळवाट काढली. दोघांची जोडी करा. एक चालवेल, एक झोपेल. त्यातून जो प्रकार जन्मला त्याला आजही मॅडिसन म्हणतात आणि तो ऑलिंपिकमध्ये आहे. म्हणजे खेळाचा एक अख्खा प्रकार विश्रांतीच्या कायद्यातून निघाला. फोन करणाऱ्या गृहस्थांना हे सांगायचंच होतं.

आणि हीच जोडीची युक्ती आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी वापरली. हितेंद्र आणि महेंद्र, दोघेही डॉक्टर. ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ म्हणजे एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. २०१५ मध्ये दोघांच्या गटात त्यांनी ती नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. बातम्यांत किलोमीटर आले, पण त्या शर्यतीचं मर्म पाळ्यांमध्ये आहे. एक भाऊ पेडल मारतोय तेव्हा दुसऱ्याचं काम झोपणं आणि खाणं हेच. ते त्याने नीट केलं नाही तर दोघंही बुडणार. दोन वर्षांनी, २०१७ ला, लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली, बारा दिवसांच्या मर्यादेत. ही सगळी नावं डॉक्टरांची आहेत, हा योगायोग असेलही. मला तसं वाटत नाही.

एक उलट उदाहरणही देतो, कारण आपण लांबच्या प्रवासाच्या गोष्टी ऐकून फार पेटतो. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. तिघांनी ती पूर्ण केली: आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा. १९२८ च्या मार्चमध्ये परतले. सुमारे ७१,००० किलोमीटर, वाळवंटं, आल्प्स, सगळं. आकडा ऐकून छाती दडपते. पण भागाकार करून बघा. चार वर्षं पाच महिने म्हणजे साधारण सोळाशे दिवस. दिवसाला सरासरी ४४ किलोमीटर. यात मुक्काम आले, पैशासाठी थांबणं आलं. पामबीच रोडवर रविवारी नाश्त्याआधी एवढं करणारे इथे बसलेत. फरक हा, की त्यांनी एकेक दिवस पुढच्या दिवसासाठी राखून चालवला.

आता माउंटन बाइक. हिचा जन्म आपल्या डोळ्यांदेखतचा आहे. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरं जुन्या, जाड टायरच्या जड सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी त्याची शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत १,३०० फूट उतार, मातीचा रस्ता. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही त्यातली नावं. पुढे फिशर आणि ब्रीझ यांनी या सायकली बनवण्याचा धंदाच केला. या उताराचं नाव पडलं ‘रीपॅक’. का? त्या सायकलींना मागच्या चाकाच्या हबमध्ये ब्रेक असायचा, पेडल उलटं मारलं की लागणारा. एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचलं की हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. त्याशिवाय दुसरी फेरी नाही. या खेळाच्या पहिल्या प्रसिद्ध शर्यतीचं नावच मुळी ‘पुन्हा भरणे’ असं आहे.

आजच्या डिस्क ब्रेकला ते लागत नाही. आपण लागतो. आणि इथे माउंटन बाइकचा हिशेब रोडपेक्षा वेगळा आहे, हे नव्या मंडळींनी नीट ऐका. पामबीचवर तुम्ही एका लयीत चालवू शकता. दगड-मुरमाच्या चढावर लय नसते. प्रत्येक दगडाला, प्रत्येक मुळीला एक धक्का, एक उसळी. अर्ध्या शक्तीने चढायचं ठरवलं तरी वाट तुम्हाला पूर्ण शक्ती लावायला भाग पाडते. आणि उतार म्हणजे आराम, हा तर शुद्ध गैरसमज. पाय थांबतात, पण हात, खांदे, पाठ, मान आणि डोकं कामावर असतं. किलोमीटर मोजणारा इथे फसतो. अ‍ॅप म्हणतं, पंधराच किलोमीटर झाले. शरीर म्हणतं, मला विचार.

शास्त्राचा भाग थोडक्यात, कारण त्यातले जाणकार इथे माझ्यापेक्षा जास्त आहेत. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटंसं टिपण छापलं. उंदरांवर निरनिराळे ताण देऊन त्यांनी दाखवलं, की शरीर आधी दचकतं, मग जुळवून घेतं, आणि ताण थांबलाच नाही तर शेवटी खचतं. खेळाच्या प्रशिक्षकांनी ते उचललं. जुळवून घेण्याची पायरी साधायची तर ताण काढूनही घ्यावा लागतो. ओरेगॉन विद्यापीठाचे बिल बॉवरमन आपल्या धावपटूंना एक दिवस कठीण, मग हलका, असं बांधून द्यायचे आणि हलक्या दिवशी कुणी चोरून धावलं तर संतापायचे. स्नायू, रक्त, साठवलेली साखर, हे सगळं राइड चालू असताना खर्ची पडतं. ते भरून येतं खाण्यात आणि झोपेत. २०१३ मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या दोन मोठ्या संस्थांनी अतिसरावावर संयुक्त निवेदन काढलं. त्यातली दोन वाक्यांची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. थोडं खचलेला माणूस काही दिवसांत भरून येतो, जास्त खचलेल्याला आठवडे लागतात, आणि पूर्ण खचलेल्याला महिनोन् महिने. आणि हे ओळखायची एकच अशी खात्रीची तपासणी नाही. नाडी, झोप, मन, भूक, कामगिरी, सगळं एकत्र बघावं लागतं. थोडक्यात, खांदेमळणी.

मग वेळापत्रक करून टाकू, सोमवार-गुरुवार सुट्टी, संपलं? इतकं सोपं नाही. तिसऱ्या शतकात फिलोस्ट्रेटस नावाच्या ग्रीक लेखकाने व्यायामावर एक ग्रंथ लिहिला. त्या काळी प्रशिक्षकांमध्ये चार दिवसांचं चक्र प्रसिद्ध होतं: एक दिवस तयारीचा, दुसरा जोराचा, तिसरा सैल, चौथा मध्यम. ऐकायला किती आधुनिक वाटतं! फिलोस्ट्रेटस त्यावर तुटून पडतो. गेरेनस नावाचा पैलवान ऑलिंपियात जिंकला, दोस्तांबरोबर प्याला, जागला. दुसऱ्या दिवशी आखाड्यात आला तो पोट बिघडलेला, डोकं जड. प्रशिक्षक म्हणाला, आज चक्राप्रमाणे अमुक दिवस आहे, करावंच लागेल. गेरेनस व्यायाम करता करताच मेला. तक्त्यात सुट्टीची जागा होती, पण समोरचा माणूस बघायला कुणी तयार नव्हतं.

आता आपल्याकडे परत येऊ. नवी मुंबईचा सायकलस्वार हा इतिहासातला तसा नवाच प्राणी आहे. तो स्वतःच बैल, स्वतःच शेतकरी, स्वतःच वस्ताद आणि स्वतःच गिरणीमालक. (हशा) त्याच्या जोराभोवती कुणी उभं नाही. थांब म्हणायला गाव नाही. उलट ग्रुपवर सकाळी सहाला फोटो पडतो, ‘आज कोण कोण आलं नाही?’ म्हणून. आणि जो कामासाठी सायकल चालवतो, त्या डिलिव्हरीच्या पोराकडे तर आपण बघतही नाही. त्याला थांबण्याची मुभा नाही. प्रत्येक थांबण्याला पैसे कापले जातात. लोखंड्यांचा प्रश्न खरं तर त्याच्या दाराशी उभा आहे. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, पण खारघरच्या चढावर मला तो पोरगा हटकून आठवतो.

मी स्वतः काय करतो, असं मागच्या वेळी एका ताईंनी विचारलं होतं. सांगतो, याला प्रिस्क्रिप्शन समजू नका, माझं वय पन्नाशीजवळचं आहे. टेकडी आठवड्यातून दोनदाच, आणि त्या दोन्हींमध्ये किमान दोन दिवस. म्हणजे शनिवार-रविवार लागोपाठ टेकडी नाही, हे सगळ्यात अवघड गेलं. मध्ये एक-दोन दिवस सपाटीवर, तोंड मिटून चालवता येईल एवढंच. ऑक्टोबरात आणि मे महिन्यात तेही कमी; आपल्या दमट हवेत वाग्भटाचं ऋतूंचं गणित फार खरं ठरतं. सकाळची नाडी नेहमीपेक्षा सात-आठने वर असेल तर टेकडी रद्द, मग ग्रुपमध्ये कुणी काहीही म्हणो. रात्री साडेदहाला झोपता आलं नाही तर साडेचारचा गजर लावायचाच नाही. आणि दर चौथ्या आठवड्याला सगळंच निम्मं. पावसाळ्यात टेकडी जवळजवळ बंद. वाटा निसरड्या असतात, धबधब्यांकडे जायला बंदीही असते. तेव्हा सायकल खोलून धुणं, बेअरिंगला ग्रीस, केबल बदलणं. कोळी होड्या वर ओढतात, तसं.

या वर्षी माझा त्या टेकडीचा वेळ त्या सहा-दिवसवाल्या वर्षापेक्षा कमी लागतोय. किती कमी, ते सांगत नाही, कारण इथे बसलेली तरुण मंडळी हसतील.

अ‍ॅप मात्र अजून सुधारलेलं नाही. दर सोमवारी ते विचारतं, ‘आज राइड नाही?’ मग मी एक युक्ती काढली. सुट्टीच्या दिवशीही नोंद टाकतो. अंतर शून्य, चढ शून्य, आणि राइडचं नाव: खांदेमळणी. आधी ग्रुपवर सगळे हसले. मग एका बुधवारी आमच्यातल्या सगळ्यात जोरकस पोराने तशीच नोंद टाकली. आता आठवड्याला चार-पाच तरी दिसतात.

प्रश्न असतील तर विचारा. तोवर मी पाणी पितो.